समुदायाधारित नाट्यशिबिरे आणि समीक्षेची जबाबदारी : ‘वंचितांचा रंगमंच’च्या निमित्ताने

प्रस्तावना

किशोरवयीन मुलांसाठी आणि नवोदित कलावंतांसाठी होणाऱ्या नाट्यशिबिरांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याचे स्वरूप बहुतांशी वृत्तान्ताचे असते. उद्घाटन कोणी केले, किती मुले आली, पाहुणे काय बोलले, एवढ्यावर ते थांबते. शिबिर वस्तीतील मुलांचे असेल तर त्यात कौतुकाची भर पडते. मात्र या मुलांनी रंगमंचावर नेमके काय निर्माण केले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ठाण्यातील ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमाच्या आधारे प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, समुदायाधारित कलाप्रशिक्षणाला सहानुभूतीपेक्षा समीक्षेची गरज अधिक आहे.

पूर्वपीठिका

सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी लिखित ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. पुढे १९६२ मध्ये मतकरींनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था सुरू केली. १९८६ पासून डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ची चळवळ पुण्यात रुजली व मुलांचे वास्तव प्रश्न नाटकात आले. तथापि ग्रिप्समध्ये मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात. मूल प्रेक्षागृहात असते. या सर्व प्रयत्नांचे मोल निर्विवाद आहे, परंतु त्यांत संहिता मुख्यतः मोठ्यांची होती.

याला समांतर अशी दुसरी परंपरा राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची होय. पुण्यात माळीकाम केलेले निळू फुले आणि केशकर्तनाचा पिढीजात व्यवसाय असलेल्या घरातून आलेले राम नगरकर हे दोघे याच कलापथकात घडले. नगरकरांनी पुढे आपले जगणेच ‘रामनगरी’त मांडले. ज्याचे जगणे त्याचीच संहिता, हे सूत्र येथे स्पष्ट दिसते.

संहितेची मालकी

मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेसमवेत २०१४ मध्ये ठाण्यात सुरू केलेला ‘वंचितांचा रंगमंच’ या दुसऱ्या परंपरेशी नाते सांगतो. झोपडपट्ट्यांतील व कष्टकरी वस्त्यांतील मुलांनी आपल्या भोवतालातून विषय निवडावा, त्यातून नाटिका उभी करावी आणि ती ‘नाट्यजल्लोष’मध्ये सादर करावी, असे त्याचे स्वरूप आहे. महागडे नेपथ्य वा वेशभूषा यांवर येथे भर नाही. बालनाट्यासाठी अर्धशतक लिहिलेल्या लेखकाने उत्तरायुष्यात लेखणी मुलांच्या हाती द्यावी, ही घटना मराठी बालरंगभूमीच्या इतिहासात महत्त्वाची मानली पाहिजे. मतकरींचे निधन २०२० मध्ये झाले; त्यानंतरही उपक्रम चालू राहिला.

भाषेचा प्रश्न

संहिता मुलांची झाली, तरी भाषा कोणाची हा प्रश्न उरतोच. बहुतेक शिबिरांत पहिला धडा उच्चारशुद्धीचा असतो. ‘न’ आणि ‘ण’ यांतील भेद घोटवून घेण्यात बराच वेळ खर्ची पडतो. समजा, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या आईची भूमिका एखादी मुलगी करीत आहे. तिचे संवाद प्रमाणभाषेत वळवले, तर आईचे बोलणे तर जातेच, शिवाय त्या बोलण्यातील चीड, टोमणा आणि विनोदही जातो. मागे उरते ती फक्त दया वाटावी अशी एक स्त्री. म्हणजेच भाषेची दुरुस्ती ही व्यक्तिरेखेची मोडतोड ठरते. प्रमाणभाषा शिकवू नये असा याचा अर्थ नव्हे. ती मुलांना अधिकची मिळावी. घरच्या बोलीच्या बदल्यात मिळू नये. कोणत्या पात्राने कोणत्या भाषेत बोलावे हे ठरवता येणे, हेच खरे नाट्यशिक्षण होय.

कौतुक आणि समीक्षा

पुण्यातील पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून होत आहे. २०२२ मध्ये एकही एकांकिका पात्र न वाटल्याने परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्या निर्णयावर वाद झाला. तो होणे स्वाभाविक होते. पण त्यातील गृहीतक लक्षात घेण्याजोगे आहे : महाविद्यालयीन कलावंताकडून काही अपेक्षा ठेवता येतात आणि त्या पूर्ण न झाल्यास तसे सांगता येते. वस्तीतील मुलांच्या नाटिकेला असा नकार कधी मिळत नाही, याचे कारण आपली उदारता नसून अपेक्षेचा अभाव हे आहे.

शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात प्रस्थापित निकषांऐवजी वेगळ्या निकषांची मागणी केली. ती मागणी निकषांच्या जागी दया आणण्याची नव्हती. हाच न्याय येथेही लागू करावा लागेल. अशा नाटिकेचा विचार करताना पुढील प्रश्न उपयुक्त ठरतील. विषय मुलांनी निवडला की प्रशिक्षकाने सुचवला? शेवट त्या जगण्यातून आला की संदेश देण्यासाठी जोडला? साधनांच्या अभावातून रंगमंचीय कल्पना सुचली, की अभाव केवळ अभावच राहिला?

एका धोक्याचीही नोंद घेतली पाहिजे. स्वानुभवाचा आग्रह सक्तीचा झाला, तर वस्तीतील मुलाने दरवर्षी व्यसन, भांडण आणि पाणीटंचाईच सादर करावी, अशी अपेक्षा तयार होते. सुखवस्तू घरातील मुलाला राक्षस, परी आणि अंतराळ. वस्तीतील मुलाला मात्र त्याची गल्लीच. ही नवी विषमता होय. कल्पनेचा अधिकार हाही कलाशिक्षणाचा भाग आहे आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’ लिहिणाऱ्या मतकरींच्या संदर्भात तर हे विसरून चालणार नाही.

निष्कर्ष

सामुदायिक कलाप्रशिक्षणाचे मूल्यमापन सहभागींच्या संख्येवरून वा प्रमाणपत्रांवरून होऊ शकत नाही. संहिता, भाषा आणि कल्पना या तिन्हींवर मुलांचा अधिकार किती प्रस्थापित झाला, हाच त्याचा निकष असावयास हवा. महाविद्यालयांतील मराठी विभागांना येथे निश्चित कार्य करता येईल. या नाटिकांच्या संहितांचे मुलांच्या मूळ बोलीत जतन करणे, त्यांवर लेखन करणे आणि ते लेखन मुलांपर्यंत पोहोचवणे ही कामे अभ्यासकाच्या आवाक्यातील आहेत. पंधरा वर्षांच्या लेखिकेला आपल्या नाटिकेतील दुसरा प्रवेश का रेंगाळतो हे कोणी गांभीर्याने सांगितले, तर ती लाभार्थी राहत नाही. ती लेखिका ठरते.