व्हरांड्यातील सावली

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळींच्या बैठकीत जुन्या वाड्यांविषयी हळहळ व्यक्त झाली नाही, असा प्रसंग विरळाच. ओसरी, चौक, कडीपाट यांची आठवण निघाली की आवाज आपोआप हळवे होतात. परंतु बदलीवर चंदीगडला आलेल्या आम्हां कारकुनांची उमेदीची वर्षे ज्या इमारतींच्या आसऱ्याने जातात, त्या सेक्टर 17 मधील दुकानांच्या चौमजली रांगांविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. 'सिमेंटचे खोके' एवढ्या शेऱ्यावर फाईल बंद होते. हा शेरा आम्हांस अन्यायाचा वाटतो.

2016 साली युनेस्कोने ल कॉर्बुझिए यांच्या 17 वास्तुकृती जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. त्यांत येथील कॅपिटॉल संकुल आहे, बाजार नाही. संकुलाचा गौरव उचितच आहे. पण सचिवालयात मनुष्य अर्ज घेऊन वर्षा-दोन वर्षांनी जातो, वही, चप्पल आणि चष्मा घेण्यास मात्र बाजारातच येतो. वास्तुकलेची खरी कसोटी तेथे लागते.

या बाजाराचे सूत्र साधे आहे. काँक्रीटची चौकट व दर्शनी रूप नियमाने बांधलेले. आतील मांडणी मालकाच्या गरजेवर सोडलेली. खाली दुकान, वर कार्यालय. म्हणून 'एससीओ' हे नाव पत्त्यांत कायमचे रुळले. सेक्टर 22 मध्ये तर दुकानावर बिऱ्हाडे आहेत. सेक्टर 17 मध्ये वाहने बाहेर थांबतात आणि दुकानांपुढून सलग व्हरांडा जातो. जूनच्या उन्हात त्या व्हरांड्यातील सावली खरेदी करणाऱ्यास मिळते, तशीच खिसा रिकामा असलेल्यासही मिळते. 2013 मध्ये उघडलेल्या एलांते मॉलमध्ये गारवा अधिक आहे. परंतु तो दारावरील तपासणीच्या पलीकडे आहे.

तथापि आठवणींच्या भरात दोष झाकणे हे समीक्षेचे काम नव्हे. मधले फरसबंद चौक उन्हाळी दुपारी भाजून निघतात. दर्शनी भागांची शिस्त काही ठिकाणी एकसुरी होते. उघड्या काँक्रीटवर पावसाचे काळे ओघळ उमटतात. ही वास्तू सतत निगा मागते, आणि निगा हाच आपल्याकडील दुर्मीळ गुण!

पियेर जानरे यांच्या काळातील खुर्च्या येथील कार्यालयांनी भंगारात काढल्या. परदेशी लिलावांत त्यांना मोठ्या किमती आल्या, तेव्हा आपले डोळे उघडले. खुर्ची निदान लिलावात जाऊन वाचली. व्हरांडा कोण उचलून नेणार? तो येथेच टिकेल किंवा येथेच पडेल.

म्हणून या इमारतींकडे गतकाळाचे चित्र म्हणून पाहू नये, असे आमचे मत आहे. चित्र भिंतीवर टांगून विसरता येते. सावली मात्र उद्याच्या उन्हातही लागणार आहे.