‘एक जेवण’ : अन्नवाटपाच्या मोजमापातील एका शब्दाची चिकित्सा

उरलेले अन्न गरजूंपर्यंत पोहोचविणाऱ्या संस्था व मंच गेल्या दशकात आपल्याकडेही रुजले आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये ‘रोटी बँक’ सुरू केली. भारतीय अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाने २०१९ मध्ये अशा वाटपासाठी स्वतंत्र विनियम केले. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. वाद आहे तो त्याच्या मोजमापाविषयी. आणि ते मोजमाप ज्या शब्दावर उभे आहे त्याची चिकित्सा भाषाभ्यासकाने करणे अप्रस्तुत ठरू नये.

तो शब्द ‘जेवण’ हा होय. ‘इतकी जेवणे वाचविली’ असे अहवालांतून वाचावयास मिळते. परंतु पुष्कळदा जेवणे मोजलेली नसतात. अन्नाचे वजन करून त्यास एका ठरीव अंकाने भागलेले असते. अमेरिकेतील ‘फीडिंग अमेरिका’ एका जेवणास १.२ पौंड, म्हणजे सुमारे ५४४ ग्रॅम धरते. ब्रिटनमधील ‘फेअरशेअर’ने ४२० ग्रॅम धरले. एक टन अन्नाची पहिल्या हिशेबाने सुमारे १,८४०, तर दुसऱ्याने सुमारे २,३८० जेवणे होतात. अन्नात कणाचीही भर न पडता वाढलेली ही जेवणे केवळ भागाकाराची आहेत.

मराठी भाषा येथे वजनकाट्याहून सूक्ष्म आहे. पातेल्यात राहिले ते उरलेले, रात्र ओलांडली की शिळे, आणि पानात टाकलेले ते उष्टे. पनवेल-उरण परिसरात हळदीच्या रात्री मोठ्या पंगती उठतात. तेथील कालवण व तांदळाच्या भाकऱ्या जवळच्या कातकरी वाडीवर त्याच रात्री पोहोचल्या तर ते जेवण. दुसऱ्या दुपारी पोहोचल्या तर वजन तेच, शब्द मात्र बदललेला. तो बदल घेणाऱ्यास कळतो, नोंदवहीस कळत नाही.

पर्यावरणाच्या हिशेबात याहून खोल अडचण आहे. ब्रिटनमधील ‘ऑलिओ’ या मंचाविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या माकोव्ह व सहकाऱ्यांच्या अभ्यासात १९ महिन्यांत ९० टनांहून अधिक अन्न वाया जाण्यापासून वाचल्याचे, व त्यामुळे ८७ ते १५६ टन कर्बवायू-समतुल्य उत्सर्जन टळल्याचे दाखविले आहे. एकच आकडा न देता पल्ला दिला, हा त्या अभ्यासाचा प्रामाणिकपणा होय. कारण मिळालेल्या अन्नामुळे घेणाऱ्याची खरेदी टळली, तरच तेवढ्या उत्पादनाचा भार वाचतो. घेणारा एरवी उपाशीच राहणार असेल, तर कचराभूमीवरील मिथेन तेवढा टळतो. शेतीतील पाणी व खत वाचत नाही. म्हणजेच जेथे सामाजिक लाभ सर्वांत मोठा, तेथे पर्यावरणीय लाभ तुलनेने लहान. एकाच ताटाचे पूर्ण श्रेय दोन्ही रकान्यांत मांडणारा अहवाल एकच नाणे दोनदा मोजतो.

सामाजिक परिणाम तर वजनात उतरतच नाही. माधुकरीने व वार लावून कित्येक विद्यार्थी शिकले. तथापि त्या अन्नाच्या वाटा जातीच्या कुंपणातूनच जात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले, तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र जेवू लागली. दोन्हीकडे भाकरीचे वजन कदाचित सारखेच असेल. समाज बदलला तो पंगतीने.

यास्तव तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. अहवालात वजन मूळ रूपात द्यावे व भाजक उघड सांगावा. टळलेली खरेदी व शमलेली भूक यांचे रकाने वेगळे ठेवावेत. आणि घेणाऱ्याने अन्न नाकारले असेल, तर त्या नकाराचीही नोंद व्हावी. कारण ज्यास नाही म्हणता येते त्यालाच आपण जेवावयास बोलाविले, असे म्हणता येईल. एरवी ते केवळ उरलेल्याची विल्हेवाट लावणे होय, आणि मराठीत त्यास ‘जेवण’ म्हणत नाहीत.