मिलिंदाचे प्रश्न

तरुणांची कल्पकता जागी व्हावी, अडचणीतून वाट काढण्याची सवय लागावी, म्हणून त्यांना ग्रीक तत्त्वज्ञान शिकवावे असा आग्रह पुष्कळदा धरला जातो. आग्रह योग्यच आहे. परंतु तो धरताना सॉक्रेटिसाचे नाव घेणाऱ्या आमच्या अभ्यासकांना 'मिलिंदपञ्ह' या पालि ग्रंथाचे स्मरण होऊ नये, याचे आम्हांस नवल वाटते. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भदन्त नागसेन यांचा हा संवाद होय.

प्लेटोच्या संवादांत बहुधा सॉक्रेटिस प्रश्न विचारतो आणि उत्तर देणारा कोंडीत सापडतो. येथे प्रश्न राजाचे, उत्तरे भिक्षूची. राजा मात्र मुकाट्याने ऐकून घेत नाही. उपमा द्या म्हणतो, मिळाली की आणखी एक मागतो. आस, चाके, जू यांपैकी एकही रथ नव्हे, ही उपमा आपल्या प्रवचनांतून सर्वांना पाठ झाली आहे. परंतु पुद्गल नसेल तर चीवर कोण वापरतो, शील कोण पाळतो, तुम्हांस कोणी ठार मारले तर तो हत्यारा ठरेल काय, असा पेच राजाने आधी टाकला होता. तो पेच वगळून रथ तेवढा सांगणे म्हणजे गणित न मांडता उत्तर लिहिणे होय.

मेण्डकपञ्ह हा भाग तर याहून बिकट. तो मागाहून जोडला गेला असे विद्वान मानतात; चिनी भाषांतरात तो नाही. म्हणून त्याची धार कमी होत नाही. देवदत्त संघभेद करील हे तथागतांना ठाऊक होते काय? असेल, तर त्यास प्रव्रज्या देण्यात करुणा कोठे? नसेल, तर सर्वज्ञता कोठे? ठाऊक होते, आणि प्रव्रज्येमुळेच देवदत्ताच्या दुःखाला मर्यादा पडली, हे नागसेनाचे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलेला तरुण तर सर्वज्ञतेचे गृहीतकच तपासू लागेल. त्याने ते अवश्य तपासावे.

पुढील संवादापूर्वी नागसेनाने अट घातली होती: पंडितवादाने बोलणार असाल तर बोलू, राजवादाने नव्हे. चूक दाखविली तरी पंडित रागावत नाहीत. राजे विरोध करणाऱ्यास दंड करतात. बोरिवली असो वा मुलुंड, विहारातील अभ्यासवर्गात एखाद्या मुलीने शंका काढताच 'श्रद्धा ठेव' म्हणून तिला खाली बसविणारा वक्ता चीवरात असला तरी राजवादीच.

बाबासाहेबांनी ग्रीकांशीही पंडितवादच केला. १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये चातुर्वर्ण्याचे प्लेटोच्या आदर्शाशी असलेले साम्य दाखवून त्यांनी दोहोंची चिकित्सा केली. माणसाच्या शक्ती तीन-चार कप्प्यांत मावत नाहीत, प्रत्येक व्यक्तीचे वेगळेपण प्लेटोस दिसलेच नाही, हा त्यांचा आक्षेप होता. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तत्कालीन औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयास पुढे मिलिंदाचे नाव मिळाले, आणि परिसर नागसेनवन झाला. विद्येच्या घराला प्रश्नकर्त्याचे नाव आहे, हे आमच्या वक्त्यांनी ध्यानी घ्यावे.

अभ्यासवर्गांनी पुढील वर्षावासात एक करून पाहावे. देवदत्ताचा प्रश्न तेवढा फळ्यावर लिहावा आणि नागसेनाच्या उत्तराचे पान पुढच्या आठवड्यापर्यंत उघडू नये.