‘ध्यानाने रोगप्रतिकारशक्ती वाढते’ : एका विधानाची चिकित्सा

पुणे जिल्ह्यात एकमेकींपासून सुमारे पासष्ट किलोमीटर अंतरावर दोन संशोधनसंस्था आहेत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजण्यास आरंभ केला. पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने विषाणु-संशोधनकेंद्र उभे राहिले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. या दोन ज्ञानशाखांना एका वाक्यात आणून बसविणारे एक विधान मराठी आरोग्यविषयक गद्यात रूढ झाले आहे : ‘ध्यानाने रोगप्रतिकारशक्ती वाढते.’ २०२० च्या साथीत त्याचा उच्चार घरोघर झाला. विधान तीन पदांचे आहे आणि तिन्ही पदे परिचित आहेत. मात्र परिचयामुळेच त्यांच्या अर्थाची तपासणी राहून गेली आहे.

प्रथम ‘ध्यान’ हे पद घ्यावे. पातंजल योगसूत्रांत ध्यान ही धारणा व समाधी यांच्या मधली अवस्था होय. तिला पूर्वपीठिका आहे आणि उत्तरगतीही आहे. मराठीच्या व्यवहारात मात्र या शब्दाचा विस्तार फार मोठा झाला. ध्यान धरतात, ध्यान देतात, गोष्ट ध्यानात ठेवतात. आणि ‘काय हे ध्यान!’ या उद्गारात तोच शब्द गबाळ्या माणसाला लागतो. आधुनिक प्रयोगांतील ‘ध्यान’ यांहून वेगळे आहे. कोठे ते श्वासाकडे लक्ष देण्याचे आठ आठवड्यांचे शिक्षण असते, तर कोठे आठ दिवसांचे मौनशिबिर. मावळातील भाजे, कार्ले व बेडसे येथे डोंगर कोरून भिक्षूंसाठी ज्या खोल्या केल्या, तेथील साधनेचे प्रयोजन तर दुःखमुक्ती हे होते, सर्दीपडशापासून संरक्षण हे नव्हे. एका प्रकारच्या ध्यानाचे फल दुसऱ्या प्रकारास लावणे हा या विधानातील पहिला दोष आहे.

‘रोगप्रतिकारशक्ती’ हे पद अधिक घोटाळ्याचे आहे. प्रतिकार म्हटला की शत्रू आला, लढाई आली. आणि शक्ती म्हटली की ती कमीअधिक असणारी, साठविता येणारी एकच वस्तू ठरली. चरकसंहितेतील ‘व्याधिक्षमत्व’ या शब्दात असा साठ्याचा भाव नाही. ‘रोगप्रतिकारक्षमता’ हा पर्यायही अभ्यासू लेखनात आढळतो. परंतु लोकव्यवहारात ‘शक्ती’च टिकली. वस्तुतः शरीरात अशी एकच शक्ती नाही. विषाणू पेशीत शिरताच इंटरफेरॉन स्रवणारी जन्मजात यंत्रणा, बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, विशिष्ट विषाणूस ओळखणारी प्रतिपिंडे आणि पूर्वबाधेची स्मृती राखणाऱ्या पेशी अशी ती अनेक अंगांची व्यवस्था आहे. तिच्यात चेतविणे असते, तसेच आवरणेही असते. आवरणे ढळले की वावडे, संधिवातासारखे स्वतःच्याच शरीरावर उलटणारे विकार आणि कोविडच्या काही रुग्णांत दिसलेला दाहाचा अतिरेक हे परिणाम संभवतात. म्हणजे या व्यवस्थेच्या बाबतीत ‘वाढ’ आणि ‘हित’ हे समानार्थी शब्द नव्हेत.

येथे तिसऱ्या पदाचा, ‘वाढते’ या क्रियापदाचा, प्रश्न येतो. नेमके काय वाढते आणि ते कोणी मोजले? या प्रश्नाला आधारच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मानसिक ताण व विषाणुबाधा यांचा संबंध प्रयोगाने दाखविला गेला आहे. शेल्डन कोहेन व त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९४ निरोगी व्यक्तींच्या नाकात श्वसनमार्गाच्या पाच विषाणूंपैकी एकाचे थेंब घातले होते. ज्यांचा ताण अधिक, त्यांच्यात बाधेचे प्रमाण अधिक आढळले. दीर्घकाळच्या ताणात अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल व त्या अनुषंगाने होणारे बदल पांढऱ्या पेशींच्या कार्यावर परिणाम करतात. ध्यानाने ताण उतरत असेल, तर त्याचा लाभ येथवर पोहोचावा ही अपेक्षा सयुक्तिक आहे.

परंतु अपेक्षा आणि सिद्धी यांत अंतर असते. रिचर्ड डेव्हिडसन यांच्या २००३ च्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या ध्यानशिक्षणानंतर फ्लूची लस टोचली असता, ध्यान शिकलेल्या २५ जणांत प्रतिपिंडे इतर १६ जणांपेक्षा अधिक वाढली. येथे ‘वाढते’ हे क्रियापद शोभते. मात्र ती वाढ लशीला मिळालेल्या प्रतिसादाची होती आणि संख्या लहान होती. ब्रूस बॅरेट यांच्या २०१२ च्या अभ्यासात पन्नाशी गाठलेल्या वा ओलांडलेल्या १४९ व्यक्ती होत्या. श्वसनमार्गाच्या आजाराचे एकूण दिवस ध्यानगटात २५७, व्यायामगटात २४१ आणि काहीही न शिकविलेल्या गटात ४५३ भरले. हा फरक उपेक्षणीय नाही. तथापि नाकातील स्रावात मोजलेली दाहाची चिन्हे तिन्ही गटांत जवळपास सारखीच होती. म्हणजे आजाराचे दिवस कमी झाले हे म्हणता येते. त्यावरून ‘शक्ती वाढली’ असे म्हणता येत नाही. शिवाय नित्याच्या व्यायामानेही तेवढेच साधले. याच गटाने पुढे चारशेहून अधिक व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात लाभाचे प्रमाण उणावले. २०२१ साली १०६ शिबिरार्थींच्या रक्ताच्या तपासणीत इंटरफेरॉनशी संबंधित जनुके अधिक सक्रिय झालेली आढळली. पण शिबिरात आहार, मौन व दिनचर्या हे सारेच बदललेले होते आणि जनुकाची सक्रियता म्हणजे रोगापासून बचाव नव्हे.

या संदर्भात लोणावळ्याचा आरंभकाळ स्मरणीय ठरतो. ‘योगमीमांसा’ या कैवल्यधामाच्या नियतकालिकात शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि लोकप्रिय असे विभाग वेगळे राखले जात. ही केवळ मांडणीची सोय नव्हती; कोणते विधान कोणत्या भाषेत करावयाचे याचा तो विवेक होता. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो, हे कुवलयानंदांनी यंत्राने मोजले. त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. गुरुभक्ती नामकरणात आली, मोजमापात नाही. प्राणायामाचे महत्त्व अधिक प्राणवायू मिळण्यात आहे, ही त्या काळची लोकप्रिय समजूतही त्यांनी स्वीकारली नाही. योगाला उपकारक वाटणारे मत योगाच्या अभ्यासकानेच नाकारावे, यात त्या परंपरेचे खरे बळ दिसते. फ्लूचा विषाणू माणसापासून प्रथम वेगळा केला गेला तो १९३३ साली. तेव्हा १९२४ च्या त्या लेखनात आजच्या अर्थाची विषाणुचर्चा शोधणे व्यर्थ आहे. तेथून घ्यावयाची ती पद्धती होय. आजच्या गद्यात शास्त्रीय विभागाचे शब्द लोकप्रिय विभागात उतरले, पण त्यांच्या अटी मागेच राहिल्या.

हा वाद शब्दांपुरता नाही. शक्ती ध्यानाने वाढते असे एकदा मानले, की जो आजारी पडला त्याने ती वाढविली नाही असा निष्कर्ष आपोआप निघतो. रुग्ण दोषी ठरतो. दुसरे असे की, साठा घरीच वाढत असेल तर लशीचे प्रयोजन उरत नाही. देवीच्या रोगाचा अनुभव याच्या उलट आहे. त्या रोगाचे नावच मराठी समाजाने देवतेवरून ठेवले, उपासना केली. तरीही १९८० साली जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे घोषित झाले ते लशीमुळे. ‘देवी काढणे’ या वाक्प्रचारात रोग, देवता आणि लस तिन्ही एकत्र नांदतात. भाषेने जुने टाकले नाही आणि नवे अडविलेही नाही. २०२० साली पुण्याच्या संस्थेने कोरोना विषाणू भारतातील रुग्णांपासून वेगळा केला आणि त्यातून देशी लस सिद्ध झाली. ध्यान करणाऱ्याने ती घेण्यात कोणताही विरोध नव्हता. डेव्हिडसन यांच्या प्रयोगात तर दोन्ही एकत्रच होती.

तेव्हा विधान टाकून देण्याचे कारण नाही; ते नीट लिहिले पाहिजे. ‘अमुक प्रकारच्या ध्यानाच्या नियमित अभ्यासाने काही व्यक्तींत ताण कमी होतो, आणि श्वसनमार्गाच्या आजाराचे दिवस कमी होण्याचा संभव दिसतो; व्यायामानेही तसाच लाभ आढळला आहे’ हे वाक्य लांब आहे, घोषणेस निरुपयोगी आहे, पण खरे आहे. त्यातील ‘अमुक’, ‘काही’ व ‘संभव’ ही पदे कमकुवतपणाची नव्हेत. मोजलेले आणि मानलेले यांतील सीमारेषा तीच सांभाळतात. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेने शंभर वर्षांपूर्वी ही सीमा आखली होती. मराठी शास्त्रीय गद्याने ती पुसू नये.