‘टाकलं’ आणि ‘लागला’ : मधली कोरी जागा

आमच्या पोखर्णीत दहावीचा निकाल लागला की पारावर एकच प्रश्न असतो, ‘पोराला कशाला टाकणार?’ सायन्सला टाकलं, आयटीआयला टाकलं. चार-सहा वर्षांनी त्याच पोराबद्दल दुसरं क्रियापद येतं. तलाठी म्हणून लागला, कारखान्यात लागला, नाहीतर अजून कुठंच लागला नाही. पहिल्या वाक्यात पोरगं कर्म आहे, दुसऱ्यात नावापुरता कर्ता. ‘मी हे निवडलं’ असं वाक्य गावात क्वचितच ऐकू येतं. गेली काही वर्षे मी ते वाक्य मराठी कादंबऱ्या-आत्मकथनांत शोधतो आहे. तिथंही ते फारसं सापडत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) घ्या. कागलच्या एका कुळवाड्याच्या पोराची शाळेसाठी बापाशी चाललेली झुंज त्यात आहे. मॅट्रिकपर्यंत पोचणं हाच इथं विजय आहे, म्हणून पुस्तक तिथवरच येऊन थांबतं. पुढच्या शिक्षणाची हकीकत ‘नांगरणी’त (१९९०) येते. पण ‘झोंबी’ नीट वाचली तर दिशा फार आधी ठरलेली दिसते. सौंदलगेकर मास्तर कविता शिकवताना रंगून जातात आणि ते पाहून पोरगा मळ्यात काम करता करता ओळी जुळवू लागतो. मार्कांचा कागद हातात येण्यापूर्वीच त्याचा कल ठरला आहे. समीक्षकांनी ‘झोंबी’तलं दारिद्र्य आणि बापाची दांडगाई यांवर पुष्कळ लिहिलं. कल घडण्याच्या या जागेकडे मात्र त्या मानानं कमी लक्ष गेलं.

यावर कुणी म्हणेल, निवड ही भरल्या पोटाची गोष्ट आहे. ज्याला शाळेत जाऊ देतील की नाही हाच प्रश्न, तो कुठली शाखा घेणार? हे काही अंशी खरंच आहे. मग ‘कोसला’कडे (१९६३) पाहावं. पांडुरंग सांगवीकरच्या घरी पैशाची ददात नाही. तो खानदेशातून पुण्याला कॉलेजला जातो. वाचकाच्या लक्षात त्याचं होस्टेल राहतं, मेस राहते, उधारी राहते, बहीण मनीचा मृत्यू राहतो. तो काय व्हायला गेला होता, हे लक्षात राहत नाही, कारण हा प्रश्न त्याला कुणी नीट विचारलेलाच नाही. बापाकडून पैसे येतात, प्रश्न येत नाही. शेवटी तो गावी परततो. म्हणजे कोऱ्या जागेचं कारण केवळ गरिबी नाही. पोराशी याविषयी बोलायची रीतच आपल्याकडे नव्हती.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) या न झालेल्या बोलण्याचा हिशेब पुढच्या टोकाला चुकता होतो. एकनाथ उच्चशिक्षित आहे, पण नोकरीसाठी मोजायला पैसे नाहीत आणि शेतीत मन नाही. कादंबरीचा रोख व्यवस्थेवर आहे आणि तो योग्यच आहे. तरी ‘लागला नाही’ या वाक्यात अडकलेला हा माणूस ‘टाकलं’च्या वेळी कुठं होता, हे कादंबरीत पुसटच राहतं. माझी तक्रार तेवढीच आहे.

आता आमच्या भागातली दोन माणसं. बी. रघुनाथ (१९१३–१९५३) परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचे. त्या काळी मराठवाड्यातल्या मुलाला पदवी म्हणजे हैदराबाद. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. नांदेडचं पीपल्स कॉलेज आणि डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेलं कॉलेज १९५० सालचं, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. बी. रघुनाथांच्या हयातीतली तरुणपणाची वर्षं यापूर्वीच संपली होती. घरच्या परिस्थितीमुळे मॅट्रिकनंतर ते निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकून झाले. पोटासाठी ते कारकुनीला लागले, पण कविता, कथा, कादंबरी हे त्यांनी स्वतः निवडलं.

दुसरे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२), तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले. हैदराबादला मामा डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे राहून शिकले आणि इंटरला पुन्हा पुन्हा नापास झाले. पुढे नांदेडला शाळेत शिक्षक, नंतर पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य. त्यांची ही नापाशी आपण गमतीनं सांगतो. मला त्यात गंमत वाटत नाही. त्यांच्यापाशी मामांचं घर होतं, ग्रंथ होते, वाद घालणारी माणसं होती. नापास होऊनही दिशा शाबूत राहावी, यासाठी एवढं सगळं लागतं. नापास होणाऱ्या प्रत्येकाला ते कुठून मिळणार?

हे मी बाहेरून सांगत नाही. १९८५ साली मी दहावी झालो. गणितात मार्क बरे पडले म्हणून मला सायन्सला टाकलं. पोखर्णीहून परभणीला रेल्वेनं जायचं, वर्गात इंग्रजीतलं भौतिकशास्त्र डोक्यावरून जायचं आणि दुपारी वाचनालयात बसायचं. बारावीला दोनदा नापास झालो आणि शेतीला लागलो. वाचनालय तेवढं सुटलं नाही. हा लेख त्या दुपारांचा आहे.

पण अन्याय झाला म्हणून थांबलो तर लेख अर्धाच राहील. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलाची दहावी झाली. त्याला चित्रकलेचं वेड होतं. पारावर मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, ‘डिप्लोमाला टाकलं.’ एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाच्या तोंडी तेच क्रियापद आलं. तो आज पुण्याजवळ एका कारखान्यात लागला आहे. चांगलं चाललं आहे म्हणतो. मी त्याला पुढं काही विचारत नाही.

म्हणून नव्या लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं आहे. दहावीचा निकाल आणि अकरावीचा अर्ज यांच्यामधल्या पंधरा-वीस दिवसांवर कुणीतरी सविस्तर लिहावं. घरात कोण बोललं, कोण गप्प बसलं, अर्ज कुणी भरला, सही कुणी केली. आणि अभ्यासकांनी जुनी आत्मकथनं पुन्हा उघडून त्यांतली क्रियापदं तपासावीत. माझ्यापुरतं मी मुलाला येत्या दिवाळीत विचारणार आहे, सोळाव्या वर्षी तुला काय व्हायचं होतं? उत्तर काय येईल याची मला थोडी भीती वाटते.