धनंजय माने आणि भाड्याची खोली



'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, लेखन वसंत सबनीसांचं. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या १९६६ सालच्या हिंदी सिनेमातली. तो हिंदी सिनेमा आज कुणी आठवणीने लावत नाही. मराठीचं मात्र तसं झालं नाही. तेव्हा जन्मलेलीही नव्हती ती मुलं आज त्यातले संवाद आपल्या आधी म्हणतात. असं का व्हावं, एवढंच आज पाहायचं.

आधी एक मान्य करून टाकू. सिनेमा वेडपट आहे. पैसा बेताचा होता, ते पडद्यावर दिसतं. बराचसा भाग दोन घरं आणि एक दुकान यांतच उरकलेला. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती ही बाई नाही, हे आंधळ्यालाही कळावं. पण लीलाबाई काळभोरांना कळत नाही! बुद्धीला हे पटत नाही आणि तरी हसू थांबत नाही.

याचं एक उत्तर भरतमुनींकडे सापडतं. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याची कारणं सांगताना ते विकृत वेषापासून सुरुवात करतात, आणि हास्य शृंगारातून, शृंगाराच्या अनुकरणातून निघतं असंही म्हणतात. आता हा सिनेमा बघा. त्यात वेष आहेच, पण वेष हा वरवरचा भाग झाला. खरं अनुकरण आहे ते संसाराचं. अशोक सराफांचा धनंजय आणि त्याची 'बायको' पार्वती, शंतनू आणि त्याची 'बायको' सुधा. चौघे पुरुष मिळून दोन संसार थाटतात, आणि लग्न नावाची गोष्ट बाहेरून कशी दिसते ते आपल्याला करून दाखवतात. रुसणं, लाजणं, नवऱ्याने चारचौघांत आवाज चढवणं, सगळं. पार्वतीच्या डोहाळजेवणापर्यंत मजल जाते.

इथे मराठी प्रेक्षकाचा एक जुना संस्कार कामाला येतो. १९८८ हे बालगंधर्वांचं जन्मशताब्दीचं वर्ष होतं. हा योगायोगच, पण बोलका. पुरुषाने लुगडं नेसून रंगभूमीवर येणं आपल्या आजोबा-पणजोबांनी भक्तीने पाहिलं. तिथे कलेची सगळी धडपड प्रेक्षकाने पुरुषाला विसरावं यासाठी होती. बेर्डे ते विसरूच देत नाहीत. पदर सावरता सावरता मधेच परशा डोकावतो. सचिनची सुधा त्या मानाने नीट जमलेली, देखणी. आणि आमच्या मते म्हणूनच कमी हसवणारी.

पण वेष बदलून हसवणारे सिनेमे पुष्कळ झाले, ते सगळे काही टिकले नाहीत. बिली वाइल्डरच्या १९५९ सालच्या 'सम लाइक इट हॉट'मध्ये दोन वादक बायकांचे कपडे घालतात, कारण त्यांनी खून पाहिलाय आणि गुंड मागे लागलेत. आपल्या चौघांच्या मागे कोण लागलंय? घरमालक. खोली फक्त जोडप्यांना, एवढीच अट. हे आम्ही बजाजनगरात उभं राहून बोलतो आहोत, म्हणून मुद्दाम सांगावंसं वाटतं. वाळूजचा बजाज ऑटोचा कारखाना १९८५चा, सिनेमाच्या तीनच वर्षं आधीचा. बीड, जालना, परभणीकडून पोरं आली, दहा बाय दहाच्या खोलीत चौघं-चौघं राहिली, शिफ्टप्रमाणे आळीपाळीने झोपली. 'फक्त फॅमिलीसाठी' हे शब्द त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेत. पुण्यातल्या धनंजय मान्यांचा पत्ता विचारणारा तो प्रसिद्ध प्रश्न म्हणजे कामाच्या शहरात कुणाचं तरी दार ठोठावणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे. तो आमच्याकडे वेगळ्या कानाने ऐकला जातो.

सुधीर जोशींचा विश्वास सरपोतदार हा तर घरमालक या जातीचा अर्कच. इस्राएलहून मधुमेहाचं औषध आणायला त्याने सत्तर रुपये दिलेले. औषध आणणारा मित्र 'वारला', आणि मित्राबरोबर सत्तर रुपयेही गेले. रक्कम सातशे असती तर विनोद बुडाला असता. सत्तरच हवेत. भाडेकरू आणि मालक यांच्यातलं सगळं नातं त्या आकड्यात आहे.

आता अडचणीचा भाग. सरपोतदाराला फसवलं तर आपण टाळ्या देतो. पण लीलाबाई मायाळू आहेत. खोट्या सुनेच्या खोट्या गरोदरपणाने त्यांना खराखुरा आनंद होतो. तिथे हसताना आम्हाला दरवेळी थोडं अवघडल्यासारखं होतं, आणि व्हावंच. कांटने १७९७च्या निबंधात म्हटलं, मारेकरी दारात येऊन मित्र घरात आहे का विचारतो, तरी खोटं बोलू नका. कर्णपर्वातला कृष्ण उलट सांगतो. तिथला कौशिक खरं बोलून दरोडेखोरांना वाटसरूंचा माग देतो आणि नरकात जातो. आपण बहुतेक कृष्णाच्या बाजूचे. पण कौशिकापुढे माणसांच्या जिवाचा प्रश्न होता. डोक्यावरचं छप्पर हे कारण त्या तोलाचं आहे का? सबनीस ते ठरवत बसत नाहीत. ते फक्त खोटं वाढवत नेतात. एका खोट्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, आणि प्रत्येक वेळी त्या चौघांना आधीपेक्षा जास्त आज्ञाधारक नवरा-बायको व्हावं लागतं. अट मोडायला निघालेले चौघे त्या अटीचे सर्वांत काटेकोर पाळणारे ठरतात. आम्हाला सिनेमाचा खरा विनोद हा वाटतो.

दोष आहेत. विजू खोटेंच्या वाट्याला आलेलं कारस्थानाचं उपकथानक लागलं, की आम्ही चहा ठेवायला उठतो. चारही नायिकांना लिहिताना लेखणी आखडलेली दिसते. अश्विनी भावेंची माधुरी तेवढी सुटते, तीही लिंबू रंगाच्या साडीमुळे आणि अशोक सराफांच्या चेहऱ्यामुळे. बायकांचं वागणं पुरुषांनी करून दाखवायचं आणि खऱ्या बायकांना बोलायला फारसं काही द्यायचं नाही, यावर पुढच्या रांगेतल्या मुलींनी बोलावं. त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवलाय. माइक तिकडे द्या.