पुराव्याचा कागद : जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथांतील अद्भुताचे स्वरूप

प्रास्ताविक

डॉ. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या विज्ञानकथांविषयी मराठी समीक्षेत एक मत दीर्घकाळ स्थिरावलेले दिसते. या कथा विज्ञानप्रसाराचे उत्तम साधन आहेत, त्यांतील कल्पना विलक्षण आहेत. परंतु व्यक्तिचित्रण, वातावरण व भाषा या वाङ्मयीन अंगांनी त्या साधारण आहेत, असे या मताचे थोडक्यात स्वरूप आहे. या मतात तथ्यांश आहे. मात्र ते स्वीकारताना या कथांतील कल्पनाशक्तीचे कार्य नेमके कसे चालते, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. कल्पना शास्त्रज्ञाची आणि कथा निमित्तमात्र, अशी विभागणी एकदा केली की कथेकडे कथा म्हणून पाहण्याची आवश्यकता उरत नाही.

नारळीकरांच्या कथेचा गाभा वैज्ञानिक चमत्कारात नसून त्या चमत्काराच्या साक्षीदारात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ज्याने असामान्य असे काही पाहिले, त्याने ते इतरांना कसे पटवून द्यावे? त्याच्या हाती कोणता पुरावा उरतो? आणि पुरावा असूनही समाजाने तो मानला नाही तर काय? या तीन प्रश्नांभोवती त्यांच्या महत्त्वाच्या कथा रचल्या गेल्या आहेत. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’, ‘उजव्या सोंडेचा गणपती’ आणि ‘धूमकेतू’ या तीन कथांच्या आधारे हे प्रतिपादन येथे तपासले आहे.

पार्श्वभूमी

अद्भुताची मराठीतील परंपरा जुनी आहे. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ (१९१३) या कादंबरीने वाचकांच्या अनेक पिढ्यांना अद्भुतरम्यतेची गोडी लावली, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांच्या हाती दिल्या. या परंपरेतील अद्भुत दूर देशी, गूढ किल्ल्यात, पाताळात किंवा चंद्रावर घडते. वाचक घर सोडून तेथे जातो आणि कथा संपल्यावर परत येतो.

नारळीकरांचा मार्ग याहून वेगळा होता. केंब्रिज येथे त्यांचे मार्गदर्शक असलेले फ्रेड हॉइल हे स्वतः विज्ञानकादंबरीकार होते. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ साली प्रसिद्ध झाली. संशोधक असतानाच कथा लिहिण्यात कमीपणा नाही, हा आदर्श नारळीकरांसमोर होता. १९७२ साली ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली. परंतु ती स्वतःच्या नावाने पाठविली नाही. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेतले. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी डॉ. मंगला नारळीकर यांनी लिहून काढली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

हा प्रसंग एरवी गमतीचा म्हणून सांगितला जातो. परंतु लेखकाच्या वृत्तीचा तो द्योतक आहे. लेखकाच्या प्रतिष्ठेने परीक्षकाचे मत झुकू नये, कृतीची पारख कृतीवरूनच व्हावी, ही दक्षता त्यामागे आहे. शोधनिबंधाचे परीक्षण ज्या तत्त्वावर चालते, तेच तत्त्व त्यांनी आपल्या पहिल्या कथेला लावले. पुढे १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि विज्ञानकथा हा प्रकार मराठी वाचकांच्या चर्चेचा विषय बनला.

गंगाधरपंतांच्या खिशातील कागद

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचा नायक इतिहासाचा प्राध्यापक आहे. पुण्यात राहणारे गंगाधरपंत गायतोंडे हे सभांचे अध्यक्षस्थान भूषविण्यात मुरलेले विद्वान आहेत. पानिपतच्या लढाईचा निकाल वेगळा लागला असता तर काय झाले असते, या विचारात असतानाच त्यांना अपघात होतो आणि ते एका निराळ्या भारतात जाऊन पोचतात. तेथे १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे विजयी झालेले आहेत, पेशव्यांच्या राज्याचे पुढे लोकशाहीत रूपांतर झाले आहे आणि मुंबई तेवढी इंग्रजांच्या ताब्यात राहिली आहे.

हा निराळा भारत लेखकाने कसा उभा केला आहे, हे पाहण्यासारखे आहे. गंगाधरपंत आगगाडीने मुंबईस जातात. परंतु ती गाडी ‘जिजामाता एक्स्प्रेस’ आहे. लोणावळा, कर्जत ही स्थानके नेहमीच्या जागी आहेत. मात्र पुढे ‘सरहद्द’ नावाचे स्थानक लागते आणि तेथे परवाने तपासले जातात. मुंबईत टाउन हॉलमधील ग्रंथालय आहे, आझाद मैदान आहे. पुणे-मुंबई प्रवासाची सवय असलेल्या वाचकाला जे पूर्ण परिचित आहे, त्यात एकच गोष्ट बदलली आहे आणि तिचे परिणाम सर्वत्र पसरले आहेत. पूर्वीच्या अद्भुतकथेत वाचक घर सोडून अद्भुताकडे जातो. येथे अद्भुतच त्याच्या रोजच्या वाटेवर येऊन उभे राहते.

गंगाधरपंत या नव्या जगात गोंधळलेल्या प्रवाशासारखे भटकत नाहीत. ते थेट ग्रंथालयात जातात, इतिहासाचे खंड मागवतात आणि दोन इतिहासांच्या वाटा नेमक्या कोठे वेगळ्या झाल्या ते शोधतात. ‘भाऊसाहेबांची बखर’ त्यांना उत्तर देते : विश्वासरावांना लागलेली गोळी या इतिहासात त्यांना चाटून गेली आहे. ‘विश्वास पानिपतात मेला’ अशी कोटी मराठीत रूढ आहे. या कथेत विश्वास जिवंत राहतो. आणि गंगाधरपंतांवर विश्वास कोणी ठेवावा, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

आझाद मैदानावरील प्रसंगात कथेचा सूर विनोदी होतो. व्याख्यान चालू असताना व्यासपीठावरील अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून गंगाधरपंत सवयीने तीत जाऊन बसतात. त्या भारतातील श्रोत्यांनी मात्र अध्यक्षीय समारोपाची प्रथा केव्हाच मोडीत काढली आहे. पंत बोलू लागताच त्यांच्यावर वस्तूंचा वर्षाव होतो आणि ते गर्दीत नाहीसे होतात. मराठी सार्वजनिक जीवनावरील, विशेषतः विद्वत्सभांवरील, ही टीका मार्मिक आहे. ‘पानिपत होणे’ हा संपूर्ण पराभवाचा वाक्प्रचार असल्याने कथेचे शीर्षकही दुहेरी अर्थाचे ठरते. मराठ्यांचे पानिपत टळले. गंगाधरपंतांचे टळले नाही.

स्वतःच्या जगात परतल्यावर त्यांच्याजवळ उरतो बखरीचा एक फाटका कागद. ग्रंथालयातील ते पुस्तक नकळत त्यांच्या खिशात गेले होते आणि मैदानावरील धुमश्चक्रीत हरवले. एक पान तेवढे राहिले. राजेंद्र देशपांडे हा वैज्ञानिक मित्र प्रथम हा सर्व प्रकार मनाचा खेळ मानतो. पंतांच्या घरातील बखरीशी तो कागद ताडून पाहिल्यावर मात्र त्याला आपले मत बदलावे लागते. मग तो कॅटॅस्ट्रॉफी सिद्धान्त आणि पुंजयामिकीतील अनिश्चितता यांच्या साहाय्याने स्पष्टीकरण मांडतो. हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी सिद्धान्त आणि मग त्याला साजेशी घटना, असे येथे होत नाही. आधी अडचणीत टाकणारा पुरावा येतो आणि सिद्धान्ताला त्याच्या मागे यावे लागते. त्यातही तो पुरावा प्रयोगशाळेतील नोंद नसून बखरीचे पान आहे. म्हणजे इतिहासकाराच्या व्यवसायातील पुरावा वैज्ञानिकाला विचार करावयास लावतो. विज्ञान व मानव्यविद्या यांच्यातील संवादाचे इतके सहज चित्र मराठी कथेत क्वचितच आढळते.

मूर्तीची साक्ष

‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत पुराव्याचे स्थान एका मूर्तीने घेतले आहे. कथेतील वैज्ञानिक कल्पना डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीची आहे. कागदाच्या पट्टीला पीळ देऊन तिची टोके जोडली की मोबियस पट्टी तयार होते. तिच्यावरून सपाट आकृती फिरवून आणली की ती आरशातील प्रतिमेसारखी उलटी होते. तसेच त्रिमिती वस्तूचेही करता येईल, अशी ही कल्पना आहे. कथेत ती प्रकट होते ती क्रिकेटच्या मैदानावर. एक गोलंदाज अनपेक्षितपणे दुसऱ्या हाताने सफाईदार गोलंदाजी करू लागतो आणि फलंदाजांची त्रेधा उडते.

उजव्या सोंडेचा गणपती दुर्मीळ, जागृत आणि कडक सोवळ्याचा, ही समजूत मराठी घरांत सर्वपरिचित आहे. लेखक तिची टिंगल करीत नाही. डाव्या सोंडेची मूर्ती उलटी होऊन आली तर ती उजव्या सोंडेची दिसेल, एवढेच तो दाखवितो. दुर्मीळता ही वस्तूच्या अंगचा गुण की पाहण्याच्या दिशेचा परिणाम, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. घडलेल्या प्रकाराची साक्ष ती मूर्तीच देते. परंतु ज्याला मूळ हकीगत ठाऊक नाही, त्याला तिच्यात केवळ एक दुर्मीळ मूर्ती दिसेल. पुरावा सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. तो वाचण्याची किल्ली मात्र थोड्यांकडेच असते.

तोदोरोव्ह यांनी १९७० साली मांडलेल्या मीमांसेनुसार, नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमध्ये वाचकाची होणारी दोलायमानता हे अद्भुत साहित्याचे लक्षण होय. या निकषाने नारळीकरांच्या कथा अद्भुताबाहेर पडतात, कारण त्या स्पष्टीकरण देतात. तथापि भरताच्या नाट्यशास्त्रानुसार अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय आहे, आणि स्पष्टीकरण मिळाल्याने विस्मय संपलाच पाहिजे असे नाही. गंगाधरपंतांच्या कागदाचे स्पष्टीकरण मिळाल्यावर विस्मय वाढतो. कारण प्रत्यक्ष घडलेला इतिहास हा अनेक शक्यतांपैकी एक आहे, हे तेव्हाच उमगते.

पुरावा निरुपाय होतो तेव्हा

‘धूमकेतू’ या कथेत हाच प्रश्न अधिक गंभीर रूप घेतो. कलकत्त्याचे हौशी खगोलनिरीक्षक दत्त आपल्या दुर्बिणीतून एक नवा धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असल्याचे गणिताने दिसून येते. वैज्ञानिक गुप्तता पाळून एकत्र येतात आणि अण्वस्त्राच्या स्फोटाने धूमकेतूची वाट बदलण्याची योजना आखतात. इकडे दत्तांच्या घरी त्यांच्या पत्नी इंद्राणीदेवी अरिष्टनिवारणासाठी यज्ञ करवितात. योजना यशस्वी होते, धूमकेतू टळतो. आणि यज्ञाला फळ आले, असे घरात मानले जाते.

येथे दत्तांचा निरुपाय कथेच्या केंद्रस्थानी येतो. त्यांच्याजवळ गणित आहे, संशोधकांची साक्ष आहे, तारेने आलेला निरोप आहे. तरीही स्वतःच्या पत्नीला पटेल असे त्यांच्याजवळ काही नाही, कारण एकाच परिणामाला दोन कारणे सांगता येतात आणि धूमकेतू पुन्हा आणून प्रयोग करता येत नाही. इंद्राणीदेवी अडाणी किंवा दुष्ट रंगविलेल्या नाहीत. त्यांची काळजी खरी आहे. म्हणूनच कथा प्रचाराच्या पातळीवर उतरत नाही. विज्ञानाने जग वाचविले तरी त्यामुळे विवेक जिंकतोच असे नाही, हा तिचा विषण्ण निष्कर्ष आहे.

मर्यादा

या कथांच्या मर्यादा नाकारण्याचे कारण नाही. स्पष्टीकरणाचा भाग अनेकदा व्याख्यानाच्या स्वरूपात येतो आणि कथेची गती थांबते. स्त्रीपात्रे बहुधा घराच्या चौकटीत राहतात. इंद्राणीदेवींची बाजू आणखी खोलात जाऊन मांडली असती तर ‘धूमकेतू’तील ताण अधिक वाढला असता. वैज्ञानिक पात्रांची भाषा एकमेकांसारखी आहे. ज्या कथांत सामाजिक बोध आधीच ठरलेला आहे, तेथे वाचकाला शोधण्यासाठी फारसे उरत नाही. मात्र कथेतील माणसाचा विश्वास आणि त्याच्या हातातील पुरावा यांत जेथे झगडा आहे, तेथे नारळीकरांची साधी, निवेदनपर भाषा उणीव ठरत नाही; साक्षीदाराचा जबाब साध्या भाषेतच अधिक विश्वसनीय वाटतो.

समारोप

कथांतील हा प्रश्न नारळीकरांनी पुण्यात प्रत्यक्षातही हाताळला. १९८८ साली स्थापन झालेल्या ‘आयुका’ या संस्थेचे ते संस्थापक संचालक होते आणि २००३ पर्यंत त्या पदावर राहिले. २००८ साली त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर व अन्य सहकाऱ्यांसमवेत फलज्योतिषाची सांख्यिकी चाचणी घेतली. हुशार आणि बौद्धिकदृष्ट्या विकलांग अशा दोन गटांतील एकूण २०० मुलांच्या पत्रिका जमविण्यात आल्या. प्रत्येकी ४० पत्रिकांवरून मुलांचा गट ओळखण्यास सांगितले असता २७ ज्योतिषांची सरासरी अचूकता ४६ टक्के आली. नाणे उडवूनही साधारण ५० टक्के यश मिळाले असते. चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. परंतु पत्रिका पाहणे त्यामुळे थांबले नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी याच शहरात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. पुरावा मागणाऱ्याला द्यावी लागणारी किंमत ‘धूमकेतू’च्या लेखकाने कल्पिली होती त्याहून कितीतरी अधिक ठरली.

२०२१ साली नाशिक येथे झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. विज्ञानकथेला मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहात मिळालेली ती मान्यता होती. तथापि पदाच्या मानाने लेखनाची पारख पूर्ण होत नाही. टोपणनावाने स्पर्धेत उतरलेल्या लेखकाला ती तशी व्हावी असे वाटलेही नसते. त्यांच्या कथा अभ्यासक्रमात विज्ञानाची सुलभ ओळख म्हणून शिकविल्या जातात, तेथे त्या पुराव्याविषयीच्या कथा म्हणूनही वाचल्या जाव्यात. खिशातला फाटका कागद बाहेर काढून तो मूळ प्रतीशी ताडून पाहणारा प्राध्यापक हे या कथांनी मराठीला दिलेले एक लक्षणीय पात्र आहे.